गावपळणीतली मुलाखत

ईशा, परवा फोनवर तू म्हणालीस की येत्या महिन्यात तुझ्या मुलाखती आहेत, तीन शाळा बघून झाल्या, चौथी बघायची आहे, आणि तुझ्यापेक्षा तुझ्या आईचीच झोप उडाली आहे. ते ऐकून मला हसू आलं. तू विचारलंस, “आजी, का हसतेस?” फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते. माझं मराठी अक्षर तुला आणि निखिलला लागत नाही हे मला माहीत आहे. म्हणजे हे वाचून दाखवायचं काम तुमच्या आईकडेच येणार. वाचता वाचता ती मध्येच थांबली किंवा एकदम दोन पानं उलटली, तर निखिल, तू तिला मागे जायला लाव.

आमच्या घरात तेव्हा चार माणसं. तुमचे आजोबा, त्यांच्या आई म्हणजे तुमच्या पणजी, तुमची आई मानसी, आणि मी. पणजींना आम्ही दोघं ‘आये’ म्हणायचो, मानसी ‘आजये’ म्हणायची. आजोबांची काजूची आणि आंब्याची कलमं होती, खालच्या मळ्यात भात होतं. मी कट्टा गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. माझं माहेर सावंतवाडीचं, इंग्रजी घेऊन बीए झालेली, आणि वर्गात दिवसभर शुद्ध बोलून बोलून घरातही तेच तोंडात बसलेलं. मी काही समजावून सांगायला लागले की आये म्हणायच्या, “रेडिओ लागलो.” सकाळी त्या पाट्यावर खोबरं वाटायला बसायच्या, आजोबा गोठ्यातून चहाची चौकशी करायचे, आणि मानसी पडवीच्या पायरीवर उकडीची पेज आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा घेऊन बसायची. मी तिच्यासमोर उभी राहून स्पेलिंगं विचारायची. एक बरोबर आलं की एक घास, असा नियम होता. आये म्हणायच्या, “पेज थंड झाली गो. त्या इंग्रजांनी तरी आपल्या पोरांका धड जेवूक दिल्यानी आसात.”

घाटावरच्या निवासी शाळेचं खूळ माझं. मानसी पाचवीत होती, हुशार होती, आणि मला वाटायचं की हिला मोठं वाचनालय मिळावं, प्रयोगशाळा मिळावी. आता या वयात खरं लिहायला हरकत नाही. तिच्या वयाची असताना मलाच अशा शाळेत जायचं होतं आणि वडिलांनी पाठवलं नव्हतं. आजोबांनी ना हो म्हटलं ना नाही. “चेडवाक विचार,” एवढंच म्हणाले. मानसीला विचारलं तर ती म्हणाली, “बघूया.” म्हणून भातकापणी आटोपल्यावर एका रविवारी आम्ही शाळा बघायला निघालो. आम्ही तिघं जाणार होतो. पण आये पहाटेच नवं लुगडं नेसून पायरीवर बसल्या होत्या. “नातीक खंय ठेवतास ता माका बघूक होया.”

तुम्ही शाळा बघायला जाता तेव्हा म्हणे आधी संगणकावर सगळं फिरून बघता. आम्हाला निळा कोट घातलेली एक मोठी मुलगी मिळाली. ती सगळं इंग्रजीत सांगत होती आणि आये तिला मालवणीत उत्तरं देत होत्या, आणि दोघींचं छान चाललं होतं. पोहण्याच्या तलावापाशी आये थबकल्या. निळंशार पाणी बघून म्हणाल्या, “हेका भरती-ओहोटी काय नाय?” मानसी म्हणाली, “आजये, ता टाकीतला पाणी.” “टाकीत पवतत? मगे प्यातत खंयचा?” तिथून त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. मी अडवायच्या आत त्यांनी एका पातेल्याचं झाकण उचललं आणि आचाऱ्याला विचारलं, “माशे?” आचारी कोल्हापूरकडचा, हसून म्हणाला, “आजी, इथं सगळं शाकाहारी हाय.” आये माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. “गो, हेंचो रोजच सोमवार?”

पण मानसीचं तिकडे लक्षच नव्हतं. मैदानाच्या पलीकडे तबेला होता आणि एक तपकिरी घोडा बाहेर बांधलेला होता. आमच्याकडे म्हशी, बैल, बोकड, सगळं होतं. घोडा तिने चित्रातच बघितलेला. शिकवणाऱ्या सरांनी तिला तळहात सपाट धरायला सांगितला, त्यावर गाजराचा तुकडा ठेवला आणि घोड्याने तो ओठांनी उचलला. ती हललीच नाही. आम्ही कार्यालयात जाऊन अर्ज घेऊन आलो तरी ती तिथेच, हात तसाच पुढे धरून उभी. परतताना आंबोलीचा घाट उतरत असताना खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, “आई, माका थंयच जावचा आसा.” त्या क्षणापासून ते खूळ माझं राहिलं नाही. तिचं झालं, आणि माझ्यापेक्षा दसपट घट्ट झालं.

अर्ज गेला, लेखी परीक्षा झाली, तिचं नाव यादीत आलं. मग मुलाखतीचं पत्र आलं. एकच दिवस, एकच वेळ, तारीख बदलून मिळणार नाही. जन्मदाखला, गुणपत्रक, शाळेचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो, सगळं मूळ प्रतींसह आणावं, अन्यथा मुलाखत घेतली जाणार नाही. मी त्याच दिवशी मालवणहून नवी फाइल आणली. कागद क्रमाने लावले, वर अनुक्रमणिका लिहिली. शिवाय एक वही केली आणि त्यात चाळीस संभाव्य प्रश्न आणि चाळीस उत्तरं लिहिली. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आजोबा पडवीतल्या खुर्चीत मुख्याध्यापक म्हणून बसायचे, खांद्यावर पंचा, हातात वही.

“वॉट इज युवर नेम?”

मानसी नाव सांगायची.

“वाय यू वॉन्ट धिस स्कूल?”

“बिकॉज युवर स्कूल इज फेमस फॉर ऑल राउंड डेव्हलपमेंट.”

आजोबा वही मिटायचे. “ह्या कोण बोलता? चेडू काय तू?”

“उत्तर बरोबर आहे,” मी आतून म्हणायची.

“बरोबर आसा गो. पण घोडो खंय गेलो?”

घोडा मी चाळीस उत्तरांतून वगळला होता. घोड्यासाठी कोणी शिकायला जात नाही, गेलं तरी सांगत नाही, असं माझं मत होतं.

पत्र आलं त्याच आठवड्यात गावात ढोल वाजला. देवाने गावपळणीचा कौल दिला होता. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल, नसेल तर मी सांगते. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा सगळं गाव घरं सोडून शिवेबाहेर राहायला जातं, तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, झाडून सगळी. चुली विझवायच्या, दाराला कडी घालायची, आणि मग शिवेच्या आत कोणी पाऊल ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी फक्त मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल घेतात. देवाच्या अंगाला लावलेलं फूल उजवीकडे पडलं की परत यायचं. याचा अर्थ काय, कशासाठी, असं मला विचारू नका. मी बीए झालेली बाई, लग्न होऊन आले तेव्हा मीही विचारलं होतं. आये म्हणाल्या होत्या, “घराक पण कधीतरी बरां वाटाक नको? रोज आपली आमची तोंडां बघता.”

मी वेळापत्रक आखलं. चौथ्या दिवशी सकाळी घरी परत, आंघोळी, कपडे, फाइल. दुपारी दोनच्या एसटीने सावंतवाडी, भावाकडे मुक्काम. पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने आंबोलीवरून शाळा. वेळेला वेळ लागत होती. झोपड्यांत पहाटेचं दव टपटपतं, कागद ओले होतील, म्हणून फाइल आणि मानसीचा मुलाखतीचा फ्रॉक मी घरातच, लोखंडी कपाटात, कुलपात ठेवला, आणि कधी नव्हे ते घराच्या दारालाही कुलूप घातलं. आजोबांनी ते बघितलं. “वेळापत्रक बरां आसा,” ते म्हणाले, “देवाक दाखवलंस काय?”

खाडीच्या काठाला आमची झोपडी होती. माडाच्या झावळांच्या भिंती, वर झावळं, खाली पेंढा. डावीकडे सरपंचांचं घर, उजवीकडे निवृत्त हेडमास्तर तात्यांचं, समोर भागी सुईणीचं. एरवी ज्यांची दारं अर्ध्या मैलावर, ती माणसं हातभर अंतरावर आली होती, आणि कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळ्यांना कळत होतं. तीन दगडांवर कुळथाची पिठी, खाडीतल्या ताज्या गुंजल्या माशांचं झणझणीत तिखलं, दुपारी बायकांच्या फुगड्या, संध्याकाळी भजन. आये तर वीस वर्षांनी लहान झाल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी मी मानसीला म्हटलं, “वही काढ.” वही घरीच राहिली होती. मी तिला बोलले. बरंच बोलले. “एवढी एकच वस्तू तुला आणायची होती,” असंही म्हणाले. उद्यापर्यंत आठवतील तेवढी उत्तरं कागदावर लिहून काढ, असा हुकूम सोडला आणि भजनाला जाऊन बसले.

चौथ्या दिवशी उजाडताच लोकांनी गाठोडी बांधायला घेतली. नऊच्या सुमारास मानकरी देवळाकडून परत आले. चालण्यावरूनच आयेंनी ओळखलं. “नाय दिल्यान,” त्या पुटपुटल्या. देवाने कौल दिला नव्हता. फूल उजवीकडे पडलं नव्हतं, आणखी एक दिवस बाहेर राहायचं होतं. पोरांनी आरोळी ठोकली. बायकांनी बांधलेली गाठोडी सोडली आणि कोणीतरी लगेच जाळं घेऊन खाडीवर निघालं. मी मात्र पत्र काढून पुन्हा तारीख बघितली. मानसी माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, फाइल आत राहिली म्हणून.

आजोबा आणि मी पलीकडच्या गावातल्या टेलिफोन बूथवर पळालो. शाळेत फोन लावला. कारकुनाला मी शक्य तेवढं नीट सांगितलं की आमचे कागद घरात आहेत आणि उद्यापर्यंत आम्हाला घरी जाता येत नाही.

“का? पूर आलाय?”

“नाही. गाव बाहेर आलंय.”

“गाव बाहेर आलंय म्हणजे?”

मी सांगितलं. मग तो म्हणाला, “बाई, कागदांशिवाय मुलाखत नाही. पत्रात लिहिलंय,” आणि फोन ठेवला.

परत येताना आजोबा झोपडीकडे वळले आणि मी वहाळाकडे. वहाळ म्हणजे ओढा, तीच आमच्या गावाची शीव. थंडीत त्याला घोटाभर पाणी असतं. पलीकडे आंब्यांच्या फांद्यांतून आमच्या घराची कौलं दिसत होती. चालत पाच मिनिटं. किल्ली माझ्या कमरेला. मी चपला काढल्या. तेवढ्यात मागून मानसी धावत आली आणि तिने माझा पदर दोन्ही हातांनी धरला. “आई, जाव नको. आई, तू जाव नको.” ती इतकी रडत होती की मी घाबरलेच.

तिथे दगडावर तात्या बसलेले होते, हे मी पाहिलंच नव्हतं. तात्यांनी मालवणीतच पण शाळा तपासायला आल्यासारखं विचारलं, “काय गो मास्तरणी, खंय चललंस?”

“तात्या, माझी फाइल आत राहिलीय. उद्या हिची मुलाखत आहे.”

“माझे दात आत रवले,” तात्या म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचे गाल आत गेले होते. “पेल्यात घालून ठेवलेले, थंयच रवले. चार दीस पेज पितंय. काल झिलान सुरमय भाजल्यान, ती बघून बघून जेवलंय. गेलंय मी? तुझी फाइल चावूक लागता काय?”

मानसीला रडता रडता हसू आलं. मलाही. पण हसून प्रश्न सुटत नव्हता. मी पत्र काढून त्यांना वाचून दाखवलं. तात्यांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, “कागद आत आसत, खरां. पण कागद करणारे सगळे हंयच आसत मा?”

खरंच सगळे तिथेच होते. मी आयुष्यभर कागद नीट लावत आले, पण कागदामागे माणूस असतो हे मला त्या दगडापाशी बसलेल्या बोळक्या म्हाताऱ्याने सांगितलं. दोनची एसटी गाठायला साडेतीन तास होते. मानसीच्या मैत्रिणीच्या चित्रकलेच्या वहीतले कोरे कागद फाडले. तात्यांनी सांगायचं, मी लिहायचं. दातांवाचून त्यांचे अर्धे शब्द वाऱ्यावर जात होते, ते मी पुन्हा पुन्हा विचारून घेत होते. मानसी पहिलीपासून पाचवीपर्यंत गावच्या शाळेत शिकली, गणितात चांगली, वर्गात बोलते फार, असं त्यांनी लिहायला लावलं. “हे कशाला?” मी विचारलं. “खरां आसा म्हणान,” ते म्हणाले आणि खाली सही केली. सरपंचांनी ती आमच्याच गावची असल्याचं लिहून दिलं. त्यांचा शिक्का आत होता, म्हणून त्यांनी सहीच तीनदा केली. जन्माच्या दाखल्याला भागी आली. तिला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं आणि मी लिहिलं, एकही शब्द न बदलता: ‘नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिसाक, होड्या परत येवच्या वक्ताक, ह्या चेडवाक मीया हातात घेतलंय. नाळ मीया कापलंय. ताबडतोब रडला. तेव्हापासून गप रवला नाय.’ अंगठा उठवायला शाई नव्हती. भागीने पिठीच्या टोपाच्या बुडाला अंगठा घासला, त्यावर खोबरेलाचा थेंब घेतला आणि कागदावर असा दाबला की तो आजही पुसला गेलेला नाही. फोटोंचं काय, असं मी स्वतःशीच बोलले, तर आये म्हणाल्या, “फोटो कित्याक होयो? अख्खा चेडूच नेतास मा!”

मी त्या चित्रकलेच्या कागदांवरही अनुक्रमणिका लिहिली. सवय जात नाही.

सावंतवाडीला भावाच्या मुलीचा फ्रॉक मानसीला ढगळ झाला, तिचे बूट पुढे कापूस घालून बसवले. सकाळी शाळेत पोचलो तेव्हा घाटावर धुकं होतं. कारकुनाने चित्रकलेचे कागद हातात घेतले, उलटसुलट केले, भागीचा अंगठा बोटाने चाचपला, बोटाला काळं लागलं का ते बघितलं, आणि तो ते आत घेऊन गेला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाला, “मॅडम मुलीला बोलवतायत.” एरवी दहा मिनिटांत मुलं बाहेर येत होती. मानसी पंचेचाळीस मिनिटं आत होती. मी घड्याळ बघत होते. आजोबा घोड्याला बघत होते.

मग आम्हाला बोलावलं. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, पांढरी साडी, चष्मा डोक्यावर. त्यांच्यासमोर भागीचा कागद होता. मानसी बाहेर जाताना माझ्याकडे न बघता गेली.

“तुम्ही इंग्रजी शिकवता ना?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“ते कळलं. तिने पहिली दहा उत्तरं घड्याळाच्या ठोक्यासारखी दिली. या शाळेत का यायचंय, तर सर्वांगीण विकासासाठी. मी कंटाळून विचार करत होते की आता पुरे. मग या कागदांबद्दल विचारलं. सगळं गाव बाहेर असताना गावात काय असतं, असं सहज विचारलं. ती अडखळली. मला वाटलं, हे पाठ केलेलं नाही म्हणून. मग म्हणाली, ‘मला माहीत आहे. मी आत गेले होते.’”

मी आजोबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते.

“दुसऱ्या दिवशी दुपारी,” मॅडम म्हणाल्या, “वही आणायला. घराला कुलूप आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. बंद दारासमोर थोडा वेळ बसली आणि परत आली. त्यानंतर अर्धा तास ती बोलत होती. काही इंग्रजीत, काही तुमच्या भाषेत. तिथे काय बघितलं, काय ऐकलं. माझ्याबरोबर आणखी दोन शिक्षक होते, आम्ही तिघांनी दुसरा प्रश्नच विचारला नाही. घोड्याचंही तिने तेव्हाच सांगितलं.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “जागा तिला दिली आहे. मूळ कागद आठ दिवसांत द्या. पण एक काम तुमच्याकडे आहे. तिला वाटतंय की ती आत गेली म्हणून देवाने एक दिवस वाढवला आणि तिच्यामुळे सगळ्या गावाला बाहेर राहावं लागलं. त्याचा निकाल माझ्या अधिकारात नाही.”

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आधी मला वहाळाकाठी माझा पदर धरून रडणारी पोर आठवली. तिला फाइलची काळजी नव्हती. आई आत गेली तर आणखी एक दिवस वाढेल, ही भीती होती. आणि वहीसाठी मी तिला काय काय बोलले होते तेही आठवलं. परतताना गाडीने आंबोली सोडली. मग मी तिला जवळ घेऊन म्हटलं, “चूक माझी होती. वहीसाठी मी तुला तसं बोलायला नको होतं.” ती म्हणाली, “आजयेक कसां सांगू?” आजोबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “जसां मॅडमेक सांगितलंस तसां. फक्त इंग्रजी नको.”

आम्ही घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. त्या सकाळी देवाने कौल दिला होता आणि गाव परत आलं होतं. घराघरांतून धूर निघत होता, गुरं हंबरत होती, विहिरीवरचे पंप सुरू झाले होते, कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मोठ्याने चालू होता. आये खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, शेण सारवून नुकत्याच उठल्या होत्या, कोपरापर्यंत हात भरलेले. “काय झाला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मिळाली जागा.” त्यांनी तसेच शेणाचे हात जोडले. आणि मानसी ढगळ फ्रॉकमध्ये त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आजये, मी गावात गेल्लंय. पळणीत. दुसऱ्या दिसाक.”

आयेंचे हात खाली आले. आयुष्यभरात त्यांनी कितीतरी गावपळणी केल्या होत्या. एकदा ताप फणफणलेल्या माझ्या नवऱ्याला कडेवर घेऊन, एकदा स्वतः दिवस भरलेल्या असताना. शिवेच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आजोबा पुढे झाले, मीही झाले. काय बोलायचं ते दोघांनीही ठरवून ठेवलं होतं. पण आयेंनी आमच्याकडे बघितलंच नाही. त्या खाली वाकल्या, मानसीच्या तोंडाजवळ तोंड नेलं, आणि इतक्या हळू विचारलं की मला जेमतेम ऐकू आलं.

“कसो दिसता गो गाव? आमी कोण नसताना?”

मानसीने श्वास सोडला. “तसोच दिसता. पण आजये, आपल्या खळ्यात दर्याचो आवाज येता.”

“खंय?”

“हंय. तू उभी आसस थंय. लाट फुटता ती सुदीक आयकाक येता.”

समुद्र आमच्या घरापासून दीड मैल, मध्ये अख्खी टेकडी. मी त्या घरात तोवर पंधरा वर्षं काढली होती, आयेंनी पन्नासच्या वर. कधी कोणी खळ्यात उभं राहून लाट ऐकली नव्हती. आयेंनी टेकडीकडे कान केला. डोळे मिटले. आमचा पंप धडधडत होता. शेजारची बाई पोराला हाका मारत होती. टेपरेकॉर्डर होताच.

“म्हंजे इतकी वर्सां,” आये डोळे मिटूनच म्हणाल्या, “आमीच बडबडतंव.” मग आजोबांना म्हणाल्या, “पंप बंद कर.” आजोबांनी जाऊन पंप बंद केला. त्या पुन्हा ऐकू लागल्या. आम्ही तिघं त्यांच्या शेजारी उभे. काही नाही. त्यांनी डोळे उघडले, तरातरा दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी गेल्या, शेणाचे दोन्ही हात वर केले, आणि खालच्या वाडीपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडल्या:

“गप रवा रे सगळे! माका दर्या आयकूचो आसा!”